दोनदा जीव द्यायला निघालेल्या शास्त्रज्ञाने जगाला दह्याचं वेड लावलं

पॅरिस, जून 1904. पाश्चर इन्स्टिट्यूटमधला एक दाढीवाला शास्त्रज्ञ म्हातारपणावर भाषण देतो आणि काही दिवसांतच लोक दह्याच्या मागे लागतात.

त्याचं नाव एली मेचनिकॉफ.

गडी मूळचा खारकीवकडचा, जन्म 1845 चा. पहिली बायको टीबीने गेली तेव्हा त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. काही वर्षांनी पुन्हा केला. दोन्ही वेळा वाचला. 1881 मध्ये त्याचा भाऊ इव्हान पंचेचाळिशीतच गेला. टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही प्रसिद्ध कथा या भावाच्या मरणावरूनच सुचलेली.

पुढच्याच वर्षी मेसिनामध्ये त्याने स्टारफिशच्या अळीला काटा टोचून पाहिला. सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता. जंतू गिळणाऱ्या पेशींचा शोध तो हाच. त्यासाठी 1908 चं नोबेल मिळालं.

पण तोवर त्याला म्हातारपणाने झपाटलं होतं. त्याचं गणित असं: मांसाहारातली न पचलेली प्रथिनं मोठ्या आतड्यात सडतात, ते विष रक्तात भिनतं आणि माणूस लवकर म्हातारा होतो. दह्यातलं आम्ल ही सडण थांबवतं. बल्गेरियात शंभरी गाठलेले शेतकरी जास्त, आणि ते रोज आंबवलेलं दूध घेतात, हा त्याचा पुरावा. पुरावा तसा लंगडाच, कारण तिथल्या वयांच्या नोंदींवर किती विसंबायचं हा प्रश्न होताच. तरी पॅरिसच्या औषधांच्या दुकानांत दह्याच्या जंतूंच्या गोळ्या विकायला आल्या. आपल्याकडे घरोघरी विरजण लागतं, त्यामुळे याची गंमत वाटते.

गणित अर्धंच बरोबर निघालं. उरलेल्या प्रथिनांपासून आतड्यातले जंतू काही घातक द्रव्यं बनवतात, हे खरं आहे. पण बल्गेरियन दह्यातला जंतू आतड्यात मुक्काम करत नाही. शिवाय वय वाढतं तसे स्नायू झिजतात, म्हणून साठीनंतर प्रथिनं कमी करण्यापेक्षा पुरेशी घ्यावीत, असं आज तज्ज्ञ सांगतात. निरोगी ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 1 ते 1.2 ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि दह्यातही प्रथिनं असतातच की!

मेचनिकॉफ स्वतः वर्षानुवर्षं रोज आंबवलेलं दूध प्यायचा, कच्चं काही खायचा नाही. जुलै 1916 मध्ये हृदयविकाराने तो गेला. वय 71. त्याच्या अस्थी आजही पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात एका कलशात आहेत.