गुरुवर्य श्वार्त्स आणि तंजावरचा राजपुत्र

ख्रिस्तियन फ्रीड्रिख श्वार्त्स हे लूथरपंथी. आमच्या पंथाचे नव्हेत. तरी शिक्षकाच्या व्रताचा विचार करिताना त्यांचे चरित्र आम्हांस डावलवत नाही.

१७२६ साली ब्रँडेनबुर्ग प्रांतात जन्मलेले श्वार्त्स १७५० साली डेन्मार्कच्या ताब्यातील त्रांकेबार बंदरी उतरले. तमिळ भाषा पुरती जिभेवर बसण्यापूर्वीच ते मिशनशाळेतील अगदी लहान मुलांस धर्मशिक्षण देऊ लागले. पुढे तिरुचिरापल्ली, आणि मग मराठ्यांचे तंजावर.

१७८७ साली तुळजाजी महाराजांनी मृत्युशय्येवरून दत्तक पुत्र सरफोजी ह्यांचा सांभाळ श्वार्त्सांकडे सोपवू पाहिला. श्वार्त्सांनी तो भार एकट्याने न पत्करिता राजबंधू अमरसिंगांचे नाव सुचविले. हा सल्ला, आमच्या मते, चुकलाच. अमरसिंग गादीवर बसले आणि मूल कोंडवाड्यात, विद्येवाचून राहिले. परंतु श्वार्त्सांनी हात झटकले नाहीत. उतारवयात त्यांनी मद्रास सरकारकडे दाद मागितली. १७९३ साली राजपुत्रास मद्रासेस नेण्यात आले, व तेथे गेरिके ह्या लूथरपंथी मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण सुरू झाले.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्त्स निवर्तले. त्याच वर्षी सरफोजी राजे झाले. ते हिंदूच राहिले. त्यांनी शाळा काढिल्या, सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, आणि १८०६ साली स्वतःच्या छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापविले. गुरूंचे संगमरवरी स्मारक त्यांनी फ्लॅक्समन ह्या इंग्रज शिल्पकाराकडून घडवून तंजावरच्या मंदिरात बसविले. त्यात मरणोन्मुख श्वार्त्सांचा हात राजांनी धरिला आहे, आणि खाटेपाशी शाळेतील मुले उभी आहेत.