जेआरडींची विमानं पावसाळ्यात पुण्याला का जायची?

टाटांनी १९३२ मध्ये विमानसेवा सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे दोन लहान विमानं होती आणि मुंबईत पक्की धावपट्टीच नव्हती. जुहूच्या किनाऱ्याजवळचं मातीचं मैदान हाच त्यांचा विमानतळ. पाऊस सुरू झाला की तोही पाण्याखाली जायचा.

ही सेवा सुरू करणारे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजेच जेआरडी, यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना होता.

त्या काळी लंडनहून येणारी हवाई टपाल कराचीत उतरायची. ती पुढे मुंबई आणि मद्रासला विमानाने न्यावी, ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाने मांडली. सरकारने अनुदान द्यायला नकार दिला. करार व्हायला तीन वर्षं गेली. अखेर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी स्वतः पस मॉथ विमान चालवत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणली. व्हिन्सेंट तीच टपाल घेऊन पुढे बेल्लारीला गेले. रात्री उडण्याची सोय नसल्याने तिथे मुक्काम करून ते दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले.

खरी परीक्षा पावसाळ्यात होती. टपाल अडली असती तर ही सेवा चालेल यावर कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून जुहूत पाणी साचलं की विमानं, वैमानिक आणि मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं. सह्याद्रीवर ढग दाटलेले असतानाही टपाल वेळेत पोहोचत राहिली. पहिल्याच वर्षीच्या या वक्तशीरपणाची सरकारनेही दखल घेतली.

त्यानंतर मार्ग वाढत गेले. १९३५ मध्ये त्रिवेंद्रम जोडलं गेलं, १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेरमार्गे दिल्ली. १९४६ मध्ये कंपनीचं नाव एअर इंडिया झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर वाहतूक जुहूहून सांताक्रूझला गेली. मोठ्या विमानांना लांब आणि पक्की धावपट्टी लागते, ती तिथे होती. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला पहिलं विमान निघालं.

१९५३ मध्ये कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं. जेआरडींचा त्याला विरोध होता, तरीही ते १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले. त्या वर्षी सरकारने त्यांना पदावरून दूर केलं. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

जागेची अडचण मात्र मुंबईला आजही सुटलेली नाही. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी त्या काही तास बंद ठेवाव्या लागतात आणि वेळापत्रक बदलतं. २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, ते याच कोंडीवरचा उपाय म्हणून.