स्वांते आऱ्हेनियस

स्वांते आउगुस्ट आऱ्हेनियस (१९ फेब्रुवारी, १८५९ – २ ऑक्टोबर, १९२७) हे स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. रेणूंमधील बंध तुटण्यास ऊर्जेचा ठरावीक उंबरठा ओलांडावा लागतो, या विचाराचा पाया त्यांनी घातला. १९०३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होत.

जन्म व शिक्षण

उप्साला शहराजवळील विक येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील भूमापक होते. वडिलांचे हिशेब पाहता पाहता त्यांना बालपणीच आकडेमोडीची गोडी लागली. उप्साला विद्यापीठातील अध्यापनाने समाधान न झाल्यामुळे १८८१ मध्ये ते स्टॉकहोम येथे एरिक एडलुंड यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले.

प्रबंध व आयनांचा सिद्धांत

विद्रावांच्या विद्युत् संवाहकतेवरील प्रबंध त्यांनी १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठास सादर केला. परीक्षकांना त्यातील कल्पना पटल्या नाहीत आणि प्रबंधास अगदी खालची श्रेणी मिळाली. त्यामुळे अध्यापकपदाची वाट जवळजवळ बंद झाली. त्याच वर्षी रीगा येथील विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी प्रबंध वाचून स्वतः उप्सालास येऊन त्यांची भेट घेतली. त्यानंतर विद्यापीठाने आऱ्हेनियस यांना अध्यापकपद दिले. पुढे १८८७ मध्ये त्यांनी आपला सिद्धांत पूर्ण स्वरूपात मांडला. मिठासारखे क्षार पाण्यात विरघळताच धन व ऋण भारांच्या आयनांत विभागले जातात आणि त्यासाठी बाहेरून विद्युत् प्रवाह सोडावा लागत नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले.

बंध तुटण्याची मीमांसा

अम्लाच्या सान्निध्यात उसाच्या साखरेच्या रेणूतील बंध तुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. या विक्रियेवरील त्यांचा निबंध १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमान २० अंश सेल्सियसवरून ३० अंशांवर नेल्यास रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सुमारे ३ टक्केच वाढते. अनेक विक्रियांचा वेग मात्र दुपटीच्या आसपास वा त्याहून अधिक होतो. ही तफावत कशी उलगडावी? सर्व रेणू विक्रियेत भाग घेत नाहीत, पुरेशी ऊर्जा असलेले मोजके 'सक्रिय' रेणूच घेतात आणि तापमान वाढले की त्यांचीच संख्या झपाट्याने वाढते, असा खुलासा आऱ्हेनियस यांनी केला. या किमान ऊर्जेस पुढे सक्रियण ऊर्जा असे नाव मिळाले. वेग व तापमान यांचा संबंध सांगणारे समीकरण आऱ्हेनियस यांच्या नावाने ओळखले जाते. कागद हवेत वर्षानुवर्षे तसाच राहतो, पण काडी लावताच पेट घेतो. काडीची उष्णता त्यास हा उंबरठा ओलांडून देते. उलट उत्प्रेरकामुळे विक्रियेस कमी उंबरठ्याचा मार्ग मिळतो. साखरेच्या बाबतीत हे कार्य अम्ल करते.

उत्तरायुष्य

१८९५ मध्ये ते स्टॉकहोम येथे प्राध्यापक झाले. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बदलल्यास पृथ्वीचे तापमान किती बदलेल, याचे गणित त्यांनी १८९६ मध्ये मांडले. १९०५ पासून ते नोबेल भौतिक रसायनशास्त्र संस्थेचे संचालक होते. स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. ज्या उप्सालाने त्यांच्या प्रबंधास खालची श्रेणी दिली होती, त्याच शहरात त्यांचे दफन करण्यात आले.