टोळधाडीचा माग काढणाऱ्या लेफ्रॉय साहेबाचा जीव किडीच्या विषानंच घेतला

छत्रपती संभाजीनगर : कपाशीत बोंडअळी दिसली की आपण आधी कृषी सेवा केंद्र गाठतो. पण अळी राहते कुठं, अंडी घालते कधी, हे आधी बघा अन् मग औषधाला हात लावा, असं काम करणारा एक साहेब सव्वाशे वर्षांपूर्वी भारतात आला होता. हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे त्याचं नाव.

लेफ्रॉय यांचा जन्म १८७७ चा, इंग्लंडमधला. केंब्रिजला शिकून ते वेस्ट इंडीजच्या बार्बाडोस बेटावर गेले. तिथं उसाच्या किडींवर काम केलं. १९०३ मध्ये सरकारी कीटकशास्त्रज्ञ म्हणून भारतात आले.

तेव्हा मुंबई इलाख्यात टोळधाडीनं धुमाकूळ घातला होता. आपला जिल्हा निजामाकडं. पण शेजारचे नगर, नाशिक, खानदेश हे इलाख्यातच. १९०३-०४ मध्ये लेफ्रॉय यांनी या टोळाचा अभ्यास केला. वर्षाला त्याची एकच पिढी. पाऊस पडला की मादी जमिनीत अंडी घालते. पिल्लांना पंख नसतात, ती नुसती उड्या मारतात. म्हणजे मारायची वेळ हीच. एकदा पंख फुटले की थवा हाती लागत नाही.

१९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथं शेती संशोधन संस्था उभी राहिली. तिथं त्यांनी कीटकशास्त्राचं काम उभं केलं. कापूस, ऊस, भात अशा पिकांवर कोणती कीड पडते, हे सांगणारं त्यांचं पुस्तक १९०६ मध्ये आलं. भारतातल्या कीटकांवरचा मोठा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला.

१९१२ मध्ये ते लंडनला प्राध्यापक झाले. त्यांनी घातलेली घडी पुढं मोडली नाही. १९१५ पासून पुसाला देशभरातल्या कीटकशास्त्रज्ञांच्या बैठका भरू लागल्या. १९३४ च्या भूकंपानंतर संस्था दिल्लीला हलली, नाव मात्र पुसाच राहिलं. १९३८ मध्ये भारतीय कीटकशास्त्र सोसायटी स्थापन झाली अन् पुढच्याच वर्षी तिचं नियतकालिक सुरू झालं. एकट्या माणसाचं काम आता सगळ्यांचं झालं.

तिकडं लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर हॉलचं शेकडो वर्षांचं लाकडी छत भुंग्यांनी पोखरलं होतं. लेफ्रॉय यांनी त्यावर औषध शोधलं. त्यातूनच १९२५ मध्ये रेंटोकिल ही कंपनी निघाली. ती आजही जगभर कीडनियंत्रणाचं काम करते.

कंपनीचं यश बघायला मात्र ते राहिले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माश्या मारणाऱ्या विषारी वायूचा प्रयोग प्रयोगशाळेत चालू होता. लेफ्रॉय तिथंच बेशुद्ध सापडले. १४ ऑक्टोबर १९२५ ला त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८.

विषाची इतकी जाण असलेल्या माणसालाही विषानं सोडलं नाही. कन्नड, सिल्लोड, पैठणच्या शिवारात पाठीवर पंप घेऊन उतरणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. तोंडाला मास्क, हातात मोजे हवेत. वारं समोरून येत असेल तर फवारा मारू नये. उपाशीपोटी फवारणी नको. अन् त्याआधी कामगंध सापळ्यात पतंग किती अडकले, ते मोजावं. किडीची खबर आधी, औषध नंतर.