खाशाबा फक्त कुस्तीच खेळत नव्हते

पिंपळगाव राजा (ता. खामगाव) : पोराला लहानपणापासून एकच खेळ धरायला लावावा की सगळंच खेळू द्यावं, हा प्रश्न आता गावोगावच्या पालकांना पडतो. आठ-नऊ वर्षांचं पोट्टं, अन् वर्षभर फक्त क्रिकेट नाहीतर फक्त तालीम. ते विहिरीवर पोहायला गेलं की बापाला वाटते वेळ वाया चालला. अशा वेळी खाशाबा जाधवांचं पोरपण आठवून पाहावं.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, कराडजवळचं, जिल्हा सातारा. वडील दादासाहेब नावाजलेले पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. घरात उठता-बसता कुस्तीच. अशा घरातल्या पोराला दुसरं काही करूच दिलं नसेल असं वाटते ना? पण तसं नव्हतं. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकताना खाशाबा पोहायचे, धावायचे, वजन उचलायचे, हातोडाफेकही करायचे. कुस्ती मुख्य होती, पण एकटी नव्हती.

पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेल्यावर मात्र सगळा जोर कुस्तीवर. म्हणजे निवड झाली, पण ती अंग तयार झाल्यावर.

याचा उपयोग कुठं झाला असेल? १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा खाशाबा मातीतले पैलवान. तिथं मॅट, नियम वेगळे, गुणांची पद्धत वेगळी. तरी ५२ किलो गटात सहावे आले. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी तिथं त्यांना शिकवलं. मातीतल्या गड्यानं परक्या मॅटवर इतक्या लवकर जम बसवला, त्यात लहानपणच्या पोहण्या-धावण्याचा वाटा असणारच, असं आमचं मत. पटलं तर घ्या.

१९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैशाची बोंब. गावानं वर्गणी केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहतं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. आजच्या काळात कोण करते असं?

हेलसिंकीत ५७ किलो गटात कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे पैलवान खाशाबांनी पाडले. जपानच्या इशीशी लढत लांबली, ती हरले. लगेच रशियाच्या मामेदबेयोवशी उतरावं लागलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो मांडायला आपला अधिकारी जवळ नव्हता. थकलेल्या अंगानं लढले, हरले अन् कांस्यपदकावर थांबले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

१९५५ ला ते पोलिसात फौजदार झाले. पुढच्या ऑलिंपिकची तयारी सुरू असताना गुडघा दुखावला अन् ते स्वप्न तिथंच राहिलं. एका गुडघ्यावर सगळं अवलंबून असलं की काय होते, ते पालकांनी इथं पाहावं. खाशाबांच्या हाती नोकरी होती, म्हणून घर चाललं.

पोलीस भरतीवरून आठवलं. आपल्याकडची कितीतरी पोरं तिच्याच तयारीत असतात. तिथं मुलांना १६०० मीटर धावावं लागते, १०० मीटर पळावं लागते, गोळा फेकावा लागतो. नुसती बॅट फिरवलेलं पोट्टं तिथं धापा टाकते.

उलट बाजूही आहे. एक खेळ कधीच पक्का न धरता दहा ठिकाणी हात मारणारा पोरगाही कुठंच पोचत नाही. खाशाबांनीही शेवटी कुस्तीच धरली. प्रश्न धरण्याच्या वयाचा आहे, अन् आठ वर्षं हे ते वय नव्हे.

नोकरीत खाशाबांना बढती फार उशिरा मिळाली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, तोही २००० सालचा. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.