धन्याचेच ऐकणारे यंत्र

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १८९८ साली भरलेल्या विद्युत प्रदर्शनात निकोला टेस्ला यांनी एक छोटी बोट पाण्यात सोडली. तिला ना तार जोडलेली, ना आत कोणी माणूस. तरीही बाजूच्या पेटीवरील कळ फिरवताच बोट वळत असे, तिच्यावरचे दिवे उघडझाप करीत. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला या शोधाचे पेटंट टेस्ला यांना मिळाले.

आज क्रोएशियात असलेल्या स्मिल्यान या गावी १० जुलै १८५६ रोजी, एका सर्बियन धर्मगुरूच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८८४ मध्ये ते अमेरिकेत आले. एडिसन यांच्याकडे ते काही महिनेच टिकले. १८८८ मध्ये मिळालेल्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोटरच्या पेटंटांनी त्यांना कीर्ती दिली. त्यांची ओळखही बहुधा तेवढ्यावरच थांबते. बोटीची गोष्ट मात्र मागे पडली, आणि हे अन्यायाचेच म्हणावे लागेल.

बोटीत धातूचा कीस भरलेली एक नळी होती. लहर येताच कण एकमेकांना चिकटत व वीज वाहू लागे. पुढचा इशारा कळण्यासाठी ते पुन्हा सुटे व्हावे लागत, म्हणून दर इशाऱ्यानंतर ही नळी आपोआप उलटी होई. प्रत्येक इशारा सुकाणूला ठरलेल्या क्रमाने पुढच्या स्थितीत नेई. साहजिकच, दुसऱ्याच कोणाच्या यंत्रातून एखादी ठिणगी उडाली तरी हा क्रम चुकण्याचा धोका होता. बोटीने परक्याचे ऐकू नये, हा खरा पेच होता.

त्यावरचा तोडगा टेस्ला यांनी १९०० मध्ये पेटंट कार्यालयाकडे धाडला. एकाऐवजी दोन निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या लहरी पाठवायच्या आणि दोन्ही एकदम पोहोचल्या तरच यंत्राने हालचाल करायची. बँकेचा लॉकर जसा बँकेची आणि ग्राहकाची अशा दोन किल्ल्यांनी उघडतो, तसेच हे. १९०३ मध्ये या कल्पनेची दोन पेटंटे मंजूर झाली.

आज घरातला दिवा मोबाइलशी ‘पेअर’ होत नाही, तेव्हाही घोळ अनेकदा इथेच असतो. बरेच दिवे केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओळखतात, मोबाइल मात्र त्या वेळी ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर असतो. कधी उपकरण जुन्या मालकाशीच बांधलेले राहते आणि ते ‘रिसेट’ केल्याखेरीज नव्याला दाद देत नाही. ब्लूटूथचा मूळ प्रकार तर गर्दी चुकवण्यासाठी ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारतो. एकाच लहरीवर विसंबायचे नाही, हा विचार टेस्ला यांनी शतकभर आधी मांडला होता.

त्यांच्या पदरात त्यातले काही पडले नाही. लाँग आयलंडवरील वॉर्डनक्लिफचा त्यांचा मनोरा पैशाअभावी अपुरा राहिला आणि १९१७ मध्ये पाडला गेला. बोटीचे पेटंट तोवर मुदत संपून सर्वांना खुले झाले होते. पुढची वर्षे हॉटेलांच्या थकलेल्या बिलांत गेली. ७ जानेवारी १९४३ रोजी ‘न्यूयॉर्कर’ हॉटेलच्या ३३व्या मजल्यावरील खोलीत ८६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बिनतारी यंत्रांच्या जुळवणीबाबतचे मार्कोनी यांचे महत्त्वाचे दावे अवैध ठरवले. निकालात लॉज व स्टोन यांच्याबरोबर टेस्ला यांच्या आधीच्या पेटंटाचा आधार घेतलेला होता.