कमलाबाई सोहोनी

आमच्या गडचिरोलीकडे वालाला पोपट म्हणतात. त्याचे दाणे आई कच्चे खाऊ देत नसे. त्याचे कारण मला कमलाबाईंचे चरित्र वाचताना कळले.

१९११ साली इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत म्हणजे लेखिका दुर्गाबाईंच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली बी.एस्सी.ला मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या, तरी बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहू, या अटीवर घेतले. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. माझ्या घरी कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला, म्हणून हा हट्ट मला फार मोठा वाटतो.

१९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्यांतील ट्रिप्सिन-रोधक तपासले. हे प्रथिन ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवते. शिजवताना उष्णतेने त्याची घडी उलगडते आणि अडवणूक संपते.

१९७७ साली संगणकावर प्रथमच एका प्रथिनाचे अणू गणिताने हलवून पाहिले गेले. तोही ट्रिप्सिन-रोधकच, गाईच्या स्वादुपिंडातला! १९९२ साली गणितातच तापमान चढवून त्याचे उलगडणे पाहिले गेले. कमलाबाई तेव्हा हयात होत्या; १९९८ साली त्या वारल्या.